खोकल्याच्या औषधाचे व्यसन

कोडीन हा अफूतील घटक असलेले खोकल्याचे औषध नशेसाठी पिण्याची सवय. भारतात कायद्याने हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. व्यवहारात मात्र अनेक मेडिकलांत नुसते नाव सांगितले की बाटली हातात पडत असे. ‘कोरेक्स’ आणि ‘फेन्सेडिल’ ही त्यातली गाजलेली नावे.

फ्रेंच रसायनज्ञ पिअर रोबिके यांनी 1832 मध्ये अफूतून कोडीन वेगळे केले. नावामागच्या ग्रीक शब्दाचा अर्थ खसखशीचे बोंड. कोडीनमुळे मेंदूतून उठणारी खोकल्याची उबळ दबते. यकृतात त्याचा काही भाग मॉर्फिनमध्ये बदलतो आणि नशा येते ती मुख्यतः या मॉर्फिनची. हे रूपांतर माणसागणिक कमी-अधिक होते. त्यामुळे एकाला न चढणारी मात्रा दुसऱ्याचा श्वास मंदावू शकते. प्रचलित मिश्रणात 5 मिलीलिटरमागे 10 मिलीग्रॅम कोडीन आणि 4 मिलीग्रॅम क्लोरफेनिरामाइन हे गुंगी आणणारे सर्दीचे औषध असे. 100 मिलीलिटरची बाटली एका दमात संपवणारा वीस मात्रा एकदम पोटात घालतो, आणि सरावाने तीही पुरेनाशी होते.

या व्यसनाला दारूसारखा वास नाही. बाटली सापडली तरी ‘खोकला आहे’ एवढे उत्तर पुरते. घरच्यांना उलट काळजीच वाटते. हट्टी बद्धकोष्ठ, सततची झापड, साखरेच्या पाकाने किडलेले दात या खुणा लक्षात येईपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

2014 पासून कोडीन ‘एच-1’ अनुसूचीत आहे. विक्रेत्याला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. केंद्र सरकारने मार्च 2016 मध्ये 344 मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत हे मिश्रणही होते. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. जून 2023 मध्ये या मिश्रणावर पुन्हा बंदीचा आदेश निघाला.

एकाएकी बंद केल्यास जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडे मोडल्यासारखी अंगदुखी आणि निद्रानाश सुरू होतो. व्यसनींच्या बोलीत ही ‘टर्की’. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वांत तीव्र असते, पुढे आठवडाभरात ओसरते. मात्र तलफ बराच काळ टिकते, म्हणून नुसती बाटली सोडवणे हा उपचाराचा सोपा भाग ठरतो. गरजेनुसार डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन, आणि शरीर अफूमुक्त झाल्यावर नॅल्ट्रेक्सोन देतात. जोडीला समुपदेशन व गटसभा असतात. पुण्यात डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेतले. मोफत सल्ल्यासाठी 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवा आहे.

काही आठवडे कोरडे गेल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. अशा वेळी जुन्या हिशोबाने घेतलेली मात्रा जिवावर बेतू शकते. बऱ्या झालेल्या रुग्णाला पुढे खरोखरच खोकला झाला, तर औषध लिहून घेण्याआधी त्याने डॉक्टरांना आपला पूर्वेतिहास सांगावा लागतो.