निवृत्त पंडित आणि ग्रंथालयाचें दार

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ सालीं डेक्कन कॉलेजांतून निवृत्त झाले. वैष्णव, शैव इत्यादि पंथांवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ मात्र त्यानंतर वीस वर्षांनीं, १९१३ सालीं, बाहेर पडला. नोकरी संपली तरी स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांच्या हाताशीं होता. आणि १९१७ सालीं त्यांच्या नांवानें पुण्यास संशोधनमंदिर निघालें, त्यास तो संग्रह पुढें लाभला.

छापील ग्रंथाचा धर्मच असा कीं, एकदां मोल दिलें म्हणजे तो वाचावा, उसना द्यावा किंवा दान करावा. प्रकाशकानें पुस्तकावर छापलेली किंमतीची अट पुढील विक्रेत्यास बांधीत नाहीं, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९०८ सालींच दिला होता.

१९९५ सालीं 'जेस्टोर' ही संस्था स्थापन झाली, आणि जुन्या नियतकालिकांचीं पानें संगणकावर येऊं लागलीं. सोय मोठी झाली. परंतु अशा व्यवहारांत ग्रंथालय बहुधा मालक राहिलें नाहीं, परवानाधारक झालें. करारांत 'अधिकृत वाचक' कोण हें लिहिलेलें असतें. विद्यार्थी व सेवेंतील अध्यापक त्यांत येतातच. निवृत्तांचा उल्लेख कोठें असतो, कोठें नसतो. नसला तर ज्यानें तीस वर्षें शिकविलें त्याचा परवलीचा शब्द एके दिवशीं निकामी होतो. पुष्कळ करार प्रत्यक्ष वाचनालयांत येणाऱ्यास वाचूं देतात. म्हणजे तरुणानें घरीं बसून वाचावें आणि वृद्धानें जिने चढावे! यांत ग्रंथपालाचा दोष नाहीं. करार मोडल्यास साऱ्या संस्थेचाच प्रवेश थांबण्याचें भय असतें.

भारतांत 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर होऊन १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांस ६,००० कोटि रुपये, ३० प्रकाशक, सुमारें १३,००० नियतकालिकें आणि ६,३०० वर सरकारी संस्था, असा तिचा विस्तार आहे. उपक्रम स्तुत्य खरा. पण हिशेब संस्थांचा आहे, आणि निवृत्त मनुष्य संस्थेच्या पटावर नसतो.

उपाय दुष्कर नाहीं. २०१३ सालीं जेस्टोरनेंच सभासद संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांस प्रवेश देण्याची सोय काढली. जें विद्यार्थ्यांस मिळूं शकतें तें गुरूंस कां मिळूं नये? करार करतांना 'निवृत्त अध्यापक' हे दोन शब्द आग्रहानें घालून घ्यावे. नाहीं तर निवृत्तीनंतर लिहिले जाणारे किती ग्रंथ अलिखित राहिले, याची नोंद कोणत्याही सूचींत सांपडणार नाहीं.