नाक दाबले की तोंड उघडते

नाकावर मराठी भाषेचा फार जीव. आपण नाक मुरडतो, नाक घासतो, नाकाने कांदे सोलतो. कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबतात, कुणाच्या नाकी नऊ येतात, आणि घराण्याची अब्रू तर नाकावरच उभी असते. पण या सगळ्या गोतावळ्यात वैद्यकाच्या कसोटीला तंतोतंत उतरलेली म्हण एकच. नाक दाबले की तोंड उघडते. ज्या कुणा व्यवहारचतुराने ती प्रथम उच्चारली त्याच्या मनात एखादा चिक्कू सावकार असेल. झोपेच्या एका आजाराचा आणि त्यावरच्या एका विलक्षण यंत्राचा इतिहास आपण पाच शब्दांत सांगून ठेवतो आहोत, हे त्याच्या गावीही नसणार.

आजार म्हणजे घोरणे, पण नुसते घोरणे नव्हे. घोरता घोरता श्वासच थांबतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजीभ मागे सरकतात आणि वाट बंद होते. छाती धडपडत राहते, रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मग मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागे करतो, वाट उघडते, मोठा घुर्रकन आवाज येतो आणि पुन्हा पहिले पाढे. तासाला तीस-तीस, साठ-साठ वेळा हे चालते. सकाळी त्या माणसाला यातले काही आठवत नाही. त्याला एवढेच कळते की रात्रभर झोपूनही आपली झोप झालेली नाही.

आपल्याकडे घोरण्याला कुणी आजार म्हटले नाही. कुंभकर्णाची गोष्ट सांगताना वाल्मीकींनी वर्णन केले आहे की, त्याला उठवायला गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या वाऱ्यानेच मागे ढकलले जात. लहानपणी या प्रसंगाला आम्ही पोटभर हसत असू. माझे वडील घोरत. माजघरात झोपले की ओटीवरच्या पाहुण्याला कळे. मध्येच तो आवाज थांबे आणि आई अंथरुणावर उठून बसे. पुन्हा सुरू झाला की आडवी होई. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते झोपेतच गेले. सारे गाव म्हणाले, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास न देता गेला. ते कशाने गेले हे मी ठासून सांगणार नाही, कारण कुणी तपासलेच नाही. पण आईचे ते उठून बसणे मला आज निराळे दिसते.

या आजाराचे पहिले नामांकित चित्र काढले ते डॉक्टराने नव्हे, कादंबरीकाराने. (चार कादंबऱ्या लिहिलेल्या बाईने एवढा अभिमान मिरवला तर वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.) चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ साली हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. तीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्याउभ्या झोपतो, घोड्यागाडीच्या पेटीवर बसून झोपतो आणि खुशाल घोरतो. डिकन्सने त्याची थट्टा केली खरी, पण पाहिले मात्र डोळे उघडे ठेवून. वैद्यकाला तेवढे पाहायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. १९५६ साली बरवेल या अमेरिकन डॉक्टराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका स्थूल, सदा पेंगणाऱ्या व्यापाऱ्याची हकिगत छापली. हे गृहस्थ पत्ते खेळायला बसले होते. हातात तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि तेवढ्यात त्यांना डुलकी लागली! डाव गेला. दिवाळीत पत्ते कुटणाऱ्यांना या दुःखाची खोली वेगळी समजावून सांगायला नको. त्यानंतर ते इस्पितळात दाखल झाले. बरवेल यांनी रोगाला डिकन्सच्या कादंबरीचेच नाव दिले.

पण नाव दिले तरी मर्म हाती लागले नव्हते. दोष लठ्ठपणाचा आणि रक्तात साचणाऱ्या कर्बवायूचा, असा समज होता. रात्री त्या माणसाच्या उशाशी बसून घशाकडे कुणी पाहिले नव्हते. ते काम १९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो यांनी आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी केले. रात्रभर श्वासाचे आलेख काढल्यावर दिसले की झोपेत श्वास पुन्हा पुन्हा तुटतो आहे. इलाज निघाला तोही सरळसोट होता. वरची वाट बंद होते ना, मग खाली दुसरी पाडा. १९६९ साली कूलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. नळी दिवसा बुचाने बंद करायची, रात्री उघडायची. गुण हमखास येई. पण गळ्यात भोक घेऊन जगणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने मनाशी ताडून पाहावे. पोहणे बंद, बोलताना बुचाकडे लक्ष, जखमेची उस्तवार जन्मभराची. १९७६ साली गीयमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाला आजचे नाव दिले, तेव्हाही भारी रोगावरचा खात्रीचा इलाज हाच होता.

आता आपल्याला ऑस्ट्रेलियात, सिडनीला जायचे आहे. तिथे कॉलिन सलिव्हन नावाचे डॉक्टर होते. काही वर्षे त्यांनी कॅनडात टोरांटोला झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासाचा अभ्यास केला होता आणि मग ते मायदेशी परतले होते. १९८० च्या जून महिन्यात त्यांच्याकडे एक रोगी आला. त्याला गळ्याला भोक पाडायचा सल्ला मिळाला होता आणि ते त्याला नको होते. सलिव्हन यांनी त्याला निराळाच प्रयोग सुचवला. घसा आतून मिटतो ना? मग नाकातून थोड्या दाबाने हवा सोडत राहू. फुगा जसा हवेने ताठ राहतो तसा घसा हवेनेच उघडा राहील. व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढतो. त्याच जातीची फुंकणारी मोटार, एक नळी आणि नाकावर बसणारा मुखवटा, एवढीच सामग्री. रोगी झोपला, श्वास बंद पडू लागला, दाब हळूहळू वाढवला, आणि श्वास चालू झाला. दाब काढला की पुन्हा बंद, दिला की पुन्हा चालू. नंतर तो माणूस रात्रभर गाढ झोपला आणि सकाळी टवटवीत उठला.

१८ एप्रिल १९८१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये पाच रोग्यांचा वृत्तांत छापून आला. दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. म्हणजे सरबताच्या पेल्यात नळी बुडवून बुडबुडे काढायला मुलांना जेवढे फुंकावे लागते, साधारण तेवढा! एवढ्याशा फुंकरीने गळ्याचे भोक टळले. दाबाची हवा देण्याची कल्पना तशी जुनी होती. १९३६ साली लंडनमध्ये पौल्टन यांनी व्हॅक्यूम क्लीनरचीच हवा हृदयरोग्यांच्या फुप्फुसातले पाणी हटवायला वापरली होती, आणि १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेगरी यांनी दिवसांआधी जन्मलेल्या बाळांना ती देऊन वाचवले होते. सलिव्हन यांची नवलाई नाकात होती. ही हवा तोंडातून नव्हे, नाकातून द्यायची. नाकातून आलेला दाब पडजिभेला पुढे जिभेवर लोटतो आणि तोंडाची वाट आपोआप मिटते. नाक हे दार आणि पडजीभ ही कडी, असा तो सगळा बेत.

पहिली काही वर्षे हा बेत पार पाडणे म्हणजे रोजचा सोहळा होता. रोग्याच्या नाकाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावरून मुखवटा घडवायचा आणि दररोज रात्री तो सिलिकॉनच्या लुकणाने नाकाला चिकटवून झोपायचे. उशाशी मोटारीची घरघर. तरीही माणसे वापरत, कारण पर्याय त्यांना ठाऊक होता. १९८५ च्या सुमारास तयार यंत्रे विकायला आली आणि हळूहळू ती उशाशी ठेवण्याच्या डब्याएवढी झाली.

असा एक डबा दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी आला. घोरणे हे पुरुषांचे वैभव मानले जाते. बाईने घोरणे म्हणजे चारचौघांत न सांगण्याची गोष्ट. मी मात्र वर्गात मुले गणिते सोडवत असताना खुर्चीत पेंगू लागले आणि आमच्या ह्यांनी एका रात्री घड्याळ लावून माझा श्वास मोजला, तेव्हा लाज बाजूला ठेवावी लागली. वडील डोळ्यांपुढे होतेच. तपासणी झाली, यंत्र आले, आणि आठ दिवस मी नव्याने जन्मल्यासारखी वावरले. नवव्या दिवशी मृग लागला. कोकणातला पाऊस, भिंतींना ओल, कपाटात बुरशीचा वास, आणि माझे नाक चोंदून फरशीसारखे घट्ट. दारच बंद, हवा जाणार कुठून? मध्यरात्री जीव गुदमरून मी मुखवटा काढून फेकला. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. यंत्र कोपऱ्यात, घोरणे पूर्ववत. भीती वाटली ती अशी की, गळ्याला भोक न पाडता वाचण्याची युक्ती जगाला सापडली आहे, ती माझ्या उशाशी आहे, आणि केवळ पडशापायी ती मला लाभणार नाही.

मग मी नाकाच्या मागे लागले. आणि नाकाचाही केवढा इतिहास!

आपल्या नाकपुड्या पाळीपाळीने काम करतात हे योगशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. डावी चंद्राची, उजवी सूर्याची, अशी स्वरशास्त्राची वाटणी. युरोपात ही गोष्ट १८९५ साली रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टराने मांडली. नाकाच्या आतल्या मांसल वळ्यांत रक्त भरते आणि ओसरते. एक बाजू फुगली की दुसरी मोकळी होते आणि काही तासांनी पाळी बदलते. म्हणून रात्री एक नाकपुडी बंद वाटली तर घाबरण्याचे कारण नाही. कुशीवर झोपलो की खालची बाजू जास्त भरते. उशी थोडी उंच केली की पुष्कळांना बरे वाटते.

नाक धुण्याची विद्याही आपलीच. हठयोगप्रदीपिकेत नेती सांगितली आहे ती सुताची. आज घरोघर करतात ती मिठाच्या पाण्याची. झोपण्यापूर्वी ती केली की वाट स्वच्छ होते. पाणी मात्र उकळून निववलेलेच हवे, नळाचे तसेच घेऊ नये. थेट नळाच्या पाण्यातून मेंदूला जिवावरचा संसर्ग झाल्याची उदाहरणे जगात घडली आहेत.

मलमाची गोष्ट गमतीची आहे. १८९३ साली मुंबईत काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी अमृतांजन काढले, तेव्हापासून पडसे म्हटले की आपला हात त्या पिवळ्या बाटलीकडे जातो. पेपरमिंटच्या अर्काने नाक उघडल्यासारखे वाटते, पण उघडत नाही. कार्डिफच्या रॉन एक्लस यांनी १९८० च्या दशकात मोजून दाखवले की हवेची वाट तेवढीच राहते, फक्त आतल्या मज्जातंतूंना गारवा जाणवतो. मन रमवायला मलम ठीक, पण यंत्राच्या कामाचे नाही. थेंबांची तऱ्हा उलटी. नाक झटकन उघडणारे थेंब १९४० च्या दशकात लोकप्रिय झाले आणि त्याच दशकात डॉक्टर बजावू लागले की सतत वापरले तर थेंबांनीच नाक चोंदते. अंगावरचे कर्ज फेडायला नवे कर्ज काढावे तसे. तीन-चार दिवसांपलीकडे त्यांच्या वाटेला जाऊ नये. धूळ-बुरशीच्या वावड्याने नाक सुजत असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचा फवारा देतात. त्याचा गुण सावकाश, काही दिवसांनी दिसतो.

पण खरी मेख सापडली ती पुन्हा सिडनीतच. यंत्र वापरणारे कितीतरी लोक तक्रार करीत की, पडसे नसतानाही यंत्र लावले की नाक कोरडे पडते आणि पहाटेपर्यंत चोंदते. १९९६ साली रिचर्ड्स, सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी याचे कारण छापले. नाक हे केवळ दार नाही, पाणीदार गृहस्थ आहे. आत येणाऱ्या हवेला ते ऊब आणि ओल देते आणि बाहेर जाणाऱ्या श्वासातून त्यातली थोडी परत मिळवते. आता झोपेत तोंड उघडले तर काय होते? यंत्राची हवा नाकातून आत येते आणि तोंडातून निसटून जाते. नाक नुसते देत राहते, परत काही मिळत नाही. अस्तर कोरडे पडते, चिडते, सुजते. नाक अरुंद झाले की तोंड आणखी उघडते. तोंड उघडले की नाक आणखी सुजते. आपली म्हण दोन्ही बाजूंनी खरी! तोंड उघडले की नाकही दाबले जाते.

अमेरिकेतल्या मूळच्या लोकांची चित्रे काढणाऱ्या जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने १८६२ साली एक लहानसे पुस्तक लिहून तोंड मिटून झोपण्याचा धोशा लावला होता. तिकडच्या आया तान्ह्या मुलाला पाजून झाल्यावर त्याचे ओठ हलकेच मिटवतात, हे त्याने पाहिले होते. त्याच्या बाकीच्या दाव्यांना मी मान डोलावणार नाही, पण ओठ मिटण्याबाबत त्याचा नेम बरोबर लागला. आज त्यासाठी हनुवटीचा पट्टा मिळतो. ओठांवर चिकटपट्टी लावण्याची टूम मात्र नाक चोंदलेल्या माणसाने करू नये. दोन्ही दारे बंद करून घेण्यासारखे ते आहे. नाक मुळी उघडतच नसेल तर नाकतोंड दोन्ही झाकणारा मुखवटा असतो. आणि हाड वाकडे असेल तर ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाच दाखवावे लागते.

सिडनीच्या त्या मंडळींना सापडलेला उतारा आपल्या आजीच्या वाफाऱ्याचाच भाऊबंद. यंत्राची हवा ऊन पाण्यावरून नेऊन द्यायची. गार पाण्यावरून नेली तर तेवढा लाभ नाही, कारण गार हवेत ओल मावतच नाही. ऊन, ओली हवा मिळाली की नाकाला आपल्या गाठीचे मोडावे लागत नाही, आणि सूज बरीच टळते. माझ्या यंत्राला पाण्याची डबी होती, पण ती जोडण्याचे दुकानातल्या माणसाने सांगितले नव्हते. ती जोडली, डॉक्टरांनी फवारा दिला, रात्रीची नेती सुरू केली, आणि तीन आठवड्यांनी मी पहाटेपर्यंत मुखवटा लावून झोपले. ह्यांनी सकाळी सांगितले की रात्री दोनदा आपणच दचकून उठलो, आवाज येईना म्हणून.

डबीत शुद्ध केलेले पाणी घालावे. साध्या पाण्याने तळाशी क्षार बसतो. ते रोज बदलावे आणि डबी धुऊन वाळवावी. थंडीच्या दिवसांत आणखी एक घोटाळा होतो. ऊन ओली हवा गार नळीत शिरली की तिचे पाणी होते आणि मध्यरात्री नाकावर थेंब पडतात. त्यावर उपाय म्हणजे ऊब थोडी कमी करणे, किंवा नळीला तंबोऱ्यासारखी गवसणी घालणे. आमच्याकडे आईच्या जुन्या नऊवारीची शिवली आहे. नळी जेमतेम सहा फुटांची. कापड फारसे लागले नाही.