फोर्कलिफ्ट व तिची देखभाल : गोंदिया जिल्हा

फोर्कलिफ्ट : पुढे काढलेल्या दोन पोलादी काट्यांवर माल पेलून तो उचलणारी, गोदामाच्या वा कारखान्याच्या आवारात थोड्या अंतरावर नेणारी व उंच थप्पीवर रचणारी गाडी. काटे ज्या उभ्या चौकटीवर सरकतात तिला मास्ट म्हणतात. मास्टमधील सिलिंडरात तेलाच्या दाबाने दट्ट्या वर सरकतो आणि त्याच्या माथ्यावरील चाकांवरून गेलेल्या साखळ्या काट्यांना वर ओढतात. समोरील मालाचा तोल मागे बसविलेल्या ओतीव लोखंडाच्या वजनाने सांभाळला जातो; म्हणून तीन टन उचलणारी गाडी रिकामी असतानाच चार टनांहून अधिक भरते. पुढील चाके हा या तराजूचा टेकू होय. गाडीवरील पाटीत दिलेली क्षमता सामान्यतः काट्यांच्या उभ्या बाजूपासून ५०० मिमी. अंतरावर भारमध्य असेल तेव्हाचीच असते. माल त्याहून पुढे सरकला की क्षमता घटते व गाडी पुढे कलंडू शकते.

या यंत्राचा उगम रेल्वेच्या व कारखान्यांच्या आवारात झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९०६ मध्ये सामानाच्या गाड्यांना विद्युत् घटमाला जोडून त्या स्वयंचलित केल्या. १९१७ मध्ये मिशिगन राज्यातील क्लार्क कंपनीने आपल्याच आसांच्या कारखान्यात माल हलविण्यासाठी एक गाडी तयार केली. ती पाहण्यास आलेल्या ग्राहकांनी तशाच गाड्यांची मागणी केल्याने तिचे उत्पादन सुरू झाले. काटे व उंच होणारा मास्ट ही आजची घडण १९२० नंतरच्या दशकात आली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामग्री लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, म्हणजे पॅलेटवर, रचून पाठविण्याची पद्धत पडली आणि फोर्कलिफ्टचा प्रसार झाला. पॅलेटवाचून फोर्कलिफ्टचा उपयोग मर्यादित राहतो, ही गोष्ट गोंदियाच्या संदर्भात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रेल्वे व मालाची चढ-उतार : गोंदिया हे नागपूरच्या पूर्वेस लोहमार्गाने सु. १३० किमी. अंतरावर आहे. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचा मीटर गेज मार्ग येथून राजनांदगावकडे गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो घेऊन ब्रॉड गेज केला आणि १८९१ मध्ये तो आसनसोलपर्यंत पोहोचला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट, नैनपूर व जबलपूरकडे सातपुडा रेल्वेचा ७६२ मिमी. रुंदीचा नॅरो गेज मार्ग निघाला. दक्षिणेस नागभीड व चांद्याकडेही तसाच मार्ग झाला. मुख्य मार्गाची रुंदी १,६७६ मिमी. होती. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नसल्याने जंगलातील व खोऱ्यातील माल पुढे जाण्यापूर्वी गोंदियास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. धान, लाकूड, बांबू, तेंदूची पाने असा हा माल होता. गोंदियाच्या भरभराटीचे श्रेय जंक्शनला दिले जाते ते योग्यच आहे. परंतु त्या जंक्शनवरील प्रत्येक टनाचा भार अखेर हमालांच्या पाठीवरून गेला, हे त्यात बहुधा सांगितले जात नाही. दक्षिणेकडील मार्ग १९९० नंतरच्या दशकात आणि बालाघाटचा मार्ग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रॉड गेज झाल्यावर ही अदलाबदल संपली. जबलपूरच्या बाजूची नॅरो गेज गाडी २०१५ मध्ये बंद झाली.

रेल्वेने या भागात आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे नियतकालिक देखभालीची शिस्त. नॅरो गेज एंजिने व डबे ठरलेल्या मुदतीने नागपूरच्या मोतीबाग कार्यशाळेत जात व तेथे उघडून, मोजून, झिजलेले भाग बदलून परत येत. यंत्र बिघडले म्हणून ते कार्यशाळेत जात नसे, तर मुदत भरली म्हणून जाई. दुरुस्ती करणारा व गाडी चालविणारा एकाच संस्थेचे नोकर असल्याने दुरुस्तीस कोणास बोलवावे हा प्रश्नच उद्‌भवत नव्हता. खाजगी गिरणीमालकास किंवा गोदामचालकास ही सोय नाही. त्यास तीच शिस्त कराराने विकत घ्यावी लागते.

पोते, हमाल व कायदा : १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा प्रदेश असून गोंदिया शहर व परिसर भाताच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. शासनाने खरेदी केलेले धान भरडाईसाठी गिरण्यांकडे दिले जाते. खरेदी केंद्रावर पोते मालमोटारीत चढते, गिरणीत उतरते. त्याचा तांदूळ पुन्हा पोत्यात भरून मोटारीत चढतो व गोदामात उतरून थप्पीला लागतो. एकच धान्य असे अनेकदा उचलले जाते व प्रत्येक वेळी हमाली पडते. पूर्वी पोते १०० किग्रॅ.च्या आसपास भरे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या वजनाची मर्यादा ५५ किग्रॅ. सुचविली, पुढे ५० किग्रॅ.चे पोते येथे रूढ झाले. राज्यात माथाडी, हमाल व इतर अंगमेहनती कामगारांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी १९६९ मध्ये अधिनियम झाला. यंत्र आल्यास हमालांचे काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ दयाबुद्धीचा न राहता कायद्याचाही झाला. ओझे हलके व्हावे पण रोजी जाऊ नये, ही मागणी परस्परविरोधी वाटली तरी अवास्तव नाही. गाडी चालविण्याचे, पॅलेट रचण्याचे व रोजच्या तपासणीचे काम त्याच माणसांना शिकविता येते.

धान्याच्या कामात फोर्कलिफ्ट मागे राहण्याचे कारण केवळ स्वस्त मजुरी हे नव्हे. भारतीय अन्न महामंडळाच्या (स्थापना १९६५) धर्तीच्या गोदामात पोती पॅलेटवर न रचता लाकडी चौकटींच्या थरावर एकसंध थप्पीत रचतात. थप्पीचा पाया सामान्यतः सु. ९ मी. लांब व ६ मी. रुंद असतो. अशा थप्पीत काटे घालण्यास जागाच नसते. गोदामाचा चौथरा मालमोटारीच्या फळीच्या उंचीवर असल्याने उतार बांधल्याशिवाय गाडी आत जात नाही, आणि गिरणीच्या आवारातील खडीचा किंवा मुरमाचा पृष्ठभाग तिच्या लहान, भरीव चाकांना सोसत नाही. आधी फरशी, मग पॅलेट आणि त्यानंतर यंत्र हा क्रम उलटला तर गाडी लवकरच आवाराच्या कोपऱ्यात उभी राहते. याउलट मोठ्या उद्योगांत ती आरंभापासून गृहीत धरलेली असते. तिरोडा येथील ३,३०० मेवॉ.च्या औष्णिक विद्युत् केंद्राचे ६६० मेवॉ.चे पाच संच २०१२–१४ या काळात सुरू झाले. अशा केंद्रात कोळसा पट्टावाहकांवरून जातो; मात्र मोटारी, पंप, झडपा व धारवे यांच्या भांडारात फोर्कलिफ्टवाचून काम होत नाही.

देखभाल : भारतात १९६० नंतरच्या दशकात मुंबई परिसरात फोर्कलिफ्टचे उत्पादन सुरू झाले, गोदरेज व व्होल्टास ही नावे त्यात प्रमुख होत. देशी डिझेल गाड्यांत पुष्कळदा ट्रॅक्टरसारखीच एंजिने असल्याने धानपट्ट्यातील ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कुशल मिस्त्री एंजिनाचे काम चांगले करू शकतो. अडचण असते ती मास्ट, साखळ्या, तेलदाबाच्या झडपा आणि विजेवरील गाडीचे नियंत्रक यांची. एंजिन बिघडल्यास गाडी थांबते. साखळी तुटल्यास माल माणसावर येतो. म्हणून फोर्कलिफ्टची देखभाल मोटारीच्या देखभालीसारखी समजणे धोक्याचे आहे.

पाळी सुरू होण्यापूर्वी चालकाने चाके, ब्रेक, भोंगा, काट्यांच्या खिळी, साखळ्यांचा सारखा ताण व तेलाची गळती पाहावयाची असते. पुढील तपासण्या किलोमीटरवर नव्हे, तर गाडीवरील तासमापकावर ठरतात. डिझेल गाडीत सामान्यतः दर २५० तासांनी एंजिनाचे तेल व गाळणी पाहतात आणि ५००, १,००० व २,००० तासांना अधिक खोल तपासणी होते. साखळीच्या ठराविक कड्यांची लांबी मूळ लांबीहून ३ टक्के वाढली की ती टाकून द्यावी लागते. काही निर्माते २ टक्क्यांचीच मर्यादा घालतात. काट्याच्या कोपऱ्यातील जाडी १० टक्के झिजली की त्याची ताकद सु. २० टक्के घटते व तो बाद ठरतो. हे काटे विशेष उष्णतासंस्करण केलेल्या पोलादाचे असल्याने त्यांवर वेल्डिंग करून भर घालणे सर्वथा वर्ज्य आहे. गावोगावी वेल्डिंगची दुकाने असताना हा मोह टाळणे सोपे नसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने क्रेन, कप्प्या, साखळ्या यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून निदान एकदा तपासणी बंधनकारक केली होती. फोर्कलिफ्टची तपासणीही अनेक कारखाने याच धर्तीवर करून घेऊ लागले.

गोंदियाच्या परिस्थितीने या सर्वसाधारण नियमांत भर घातली आहे. भाताच्या तुसात वजनाने सु. एक-पंचमांश राख असते व तिचा बहुतांश भाग सिलिका असतो. गिरणीतील धूळ त्यामुळे नुसती मळ नसून घासून काढणारी भुकटी असते. ती रेडिएटरच्या जाळीत बसली की एंजिन तापते, हवेच्या गाळणीतून गेली की सिलिंडर झिजतात, दट्ट्याच्या दांड्यावर बसली की तेल अडविणाऱ्या कड्या कापल्या जातात. निर्मात्याच्या पुस्तिकेतील हवेच्या गाळणीची मुदत अशा ठिकाणी पाळून भागत नाही. ती रोज पाहावी लागते. धान्याच्या बंद गोदामात डिझेलचा धूर नको म्हणून विजेवरील गाडी पसंत केली जाते. तिच्या शिसे-आम्ल घटमालेत २ व्होल्टचे घट असतात; ४८ व्होल्टच्या गाडीत असे २४ घट येतात. घटमाला ८० टक्क्यांहून अधिक उतरू देऊ नये व ऊर्ध्वपातित पाणी भारण पूर्ण झाल्यावर घालावे, असा नियम आहे. विदर्भातील उन्हाळ्यात पाणी लवकर आटते आणि पट्ट्या उघड्या पडल्या की त्यांचे नुकसान भरून येत नाही. भरडाईचा जोर ओसरल्यावर गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिल्यास घटमाला आपोआप उतरते व पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचा कठीण थर बसतो. म्हणून वापर नसतानाही तिचे नियमित भारण करावे लागते. निकामी झालेल्या अनेक घटमाला अतिवापराने नव्हे, तर अशा विसरण्याने निकामी होतात.

सेवादाराची निवड : ही निवड गाडी घेण्यापूर्वी करावयाची असते, कारण कोणती गाडी घ्यावी हे तिचे सुटे भाग कोठे मिळतात यावरही ठरते. सेवाकेंद्र व सुट्या भागांचे भांडार नागपुरात असेल तर कारागीर सकाळी निघून दुपारपर्यंत येऊ शकतो. भाग पुण्यामुंबईहून यावयाचा असल्यास गाडी काही दिवस बंद राहते. केवळ निर्मात्याचे नाव पुरेसे नाही. व्होल्टासच्या या व्यवसायात २०११ मध्ये किऑन हा जर्मन समूह भागीदार झाला व पुढे तो व्यवसाय त्याच्याकडेच गेला. अशा बदलानंतर जुन्या नमुन्याचे भाग कोण पुरविणार याचे लेखी उत्तर मागणे शहाणपणाचे असते.

वार्षिक देखभाल करार दोन प्रकारचे असतात : एकात केवळ ठरलेल्या भेटी व मजुरी येते, दुसऱ्यात सुटे भागही येतात. स्वस्त कराराचा स्वस्तपणा पुष्कळदा वगळलेल्या बाबींत असतो. चाके, घटमाला, साखळ्या व तेल अडविणाऱ्या कड्या, म्हणजे नेमके झिजणारे सर्व काही, त्यात वगळलेले आढळते. हाक दिल्यावर किती तासांत कारागीर येईल आणि न आल्यास काय, हे करारात नसेल तर बाकीच्या कलमांना फारसा अर्थ नाही. सेवादाराची परीक्षा करण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे त्याने सांभाळलेल्या दुसऱ्या गाडीची नोंदवही पाहणे. तीत तासमापकाचे आकडे, साखळीची मोजलेली लांबी व काट्याची जाडी लिहिलेली असेल तर तपासणी झाली असे समजावे. प्रत्येक भेटीस नुसते ‘ठीक आहे’ लिहिले असेल तर कारागीर आला होता एवढेच सिद्ध होते. एंजिनासाठी गावातील मिस्त्री व मास्टसाठी निर्मात्याचा कारागीर अशी विभागणीही येथे व्यवहार्य ठरते. मात्र दोघांची नोंद एकाच वहीत व्हावी लागते, अन्यथा बिघाडाचा दोष एकमेकांवर ढकलला जातो. धानाची आवक दिवाळीच्या सुमारास वाढते. त्यामुळे वर्षातील मोठी तपासणी पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या सुमारास करून देण्याचे कलम करारात घातले जाणे येथील हंगामास धरून असते.