मापी शेर आणि वजनी शेर

शेरभर तांदूळ म्हणजे किती, असे आम्ही विचारले तर या सभेतील एखाद्या आजीबाई उलट विचारतील, "मापी की वजनी?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे शेर हे एकच नाव दोन निरनिराळ्या गोष्टींना होते. तराजूतला शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम. धान्याचा शेर मात्र भांडे. चार चिपटी किंवा दोन मापटी म्हणजे शेर, आणि चार शेरांची पायली. पायल्या किती झाल्या म्हणजे मण, याविषयी मात्र मुलखामुलखात एकमत नव्हते. कोठे बारा, कोठे सोळा.

भांडे जागा मोजते, तराजू भार मोजतो. लिटरभर तांदूळ सुमारे ८०० ग्रॅम भरतात. त्याच भांड्यात गव्हाचे पीठ ५००-५५० ग्रॅमच्या आसपास. चाळून सैल टाकले तर त्याहूनही कमी. पोह्यांची तर गोष्टच सोडा! तेव्हा सर्व जिनसांना पुरेल असा एकच आकडा निघत नाही. भाजणीचे मापी प्रमाण तसेच्या तसे वजनावर घेतले की चकली बिघडते आणि घरात हसे होते.

मजुरीत हीच गफलत झाली की पोटाला चिमटा बसतो. आमच्या लहानपणी आईला सुगीची मजुरी ज्वारीत मिळे. कायदा किलोचा झाला होता, पण खळ्यावर पायलीच चाले. मालक मजुरी देताना मापावरून हात सपाट फिरवी. पावसाळ्यात उसने दिलेले धान्य परत घेताना मात्र तेच माप शीग लावून भरून घेई. माप खोटे नव्हते, त्यावर सरकारी छापही होता. खोट होती ती काठाच्या वर.

ही शीग किती, याचा हिशेब आम्ही पुढे रात्रीच्या वर्गात भूमिती शिकलो तेव्हा मांडला. दोन भांड्यांत सपाट धान्य सारखेच मावते, पण एकाचे तोंड २० सेंटिमीटर रुंद आणि दुसऱ्याचे १६, असे समजा. धान्याचा ढीग दोन्हींवर सारख्याच उताराने बसतो. तरी रुंद भांड्यावरची शीग जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे कोणते भांडे खळ्यावर आणायचे, हे ज्याच्या हाती त्याच्या हाती शीगही!

१९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या ११ व्या कलमाने वेतन रोख द्यावे असे ठरविले, आणि धान्याची वहिवाट असेल तेथे सरकारी परवानगी व पैशांत किंमत करण्याची तरतूद केली. पण माप सपाट की शिगेचे हे ठरल्यावाचून किंमत करायची कशाची? १९५६ साली संसदेने दशमान वजनमापांचा कायदा केला आणि ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. मण, शेर, तोळे यांची दुकानातून उचलबांगडी झाली. या बदलाचे कौतुक बहुधा दशांशाच्या सोयीसाठी होते. आमच्या मते त्याचा मोठा गुण हा की तराजूच्या पारड्याला शीग लावता येत नाही. काटा मारता येतो, हे आम्ही जाणतो. पण काटा तपासता येतो. हात कसा तपासणार?

बाजार समित्यांतून तोलणाऱ्याला लोक अजून मापाडी म्हणतात. आईला पुढे मजुरी किलोवर मिळू लागली. तरी ती ज्वारी घरी आणून पुन्हा चिपट्याने मोजून घेई, कारण किती चिपटी किती दिवस पुरतात एवढेच तिला पक्के ठाऊक होते.