ट्रॉलीतल्या उसाचं घड्याळ

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे इथे रोज येणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं. आयटी पार्कपासून थोड्या अंतरावर कासारसाई-दारुंब्रे इथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे, हेही नसतं. हंगामात संध्याकाळी ऑफिसमधून निघालं की कधीतरी उसाची ट्रॉली पुढे येतेच. मागचे लोक हॉर्न वाजवतात. मी मात्र ऊस ताजा आहे की वाळलेला, ते बघतो. सवय घरची आहे.

आमचं शेत सोलापूर जिल्ह्यात. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. हंगाम लांबला आणि आमच्या उसाला तोड मिळाली ती एप्रिलात. ऊस तुटला, ट्रॉली भरली आणि कारखान्याच्या आवारात नंबर लावून उभी राहिली. दोन दिवस आणि वर चार तास. पारा चाळिशीच्या पुढे. काट्यावरची पावती बघून आबा एवढंच म्हणाले, "उन्हानं खाल्ला." मला वाटलं, पाणी आटलं असेल. ते अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं कळायला १८५० साली जावं लागतं. लुडविग विल्हेल्मी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेच्या पाण्यात आम्ल घातलं आणि पोलॅरिमीटर लावून बसला. उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, विशिष्ट प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवते. आम्लात तिचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि ते मिश्रण प्रकाश डावीकडे वळवतं. या उलटण्यालाच 'इन्व्हर्जन' म्हणतात. कोन किती फिरला यावरून साखर किती उरली हे कळतं, तेही द्रावणाला हात न लावता. साखर जितकी शिल्लक, तितका तुटण्याचा वेग, हा नियम त्याने गणितात मांडला आणि तापमानाचा परिणामही तपासला. रासायनिक अभिक्रियेचा वेग असा मोजून सूत्रात बसवण्याची सुरुवात इथून धरतात. पुढची तीसेक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

१८८४ मध्ये डच शास्त्रज्ञ व्हांट हॉफने तापमान आणि वेग यांचं नातं समीकरणात मांडलं. १८८९ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने त्याचा अर्थ लावला. तेव्हा तो तिशीचा होता. बारावीला आपण जे अऱ्हेनियसचं समीकरण पाठ करतो, त्याच्या मूळ निबंधाचा विषय होता उसाच्या साखरेचं आम्लातलं इन्व्हर्जन! त्याचा प्रश्न साधा होता. तापमान थोडंसं वाढलं तर रेणूंची धावपळ थोडीशीच वाढते, मग अभिक्रियेचा वेग एवढा का उसळतो? त्याचं उत्तर असं की सगळे रेणू तुटायला तयार नसतात. काही थोडेच 'सक्रिय' असतात, आणि उष्णता वाढली की या थोड्यांची संख्या झपाट्याने वाढते.

कॉलेजात आम्ही थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग केला होता. कागदावर फुली काढायची, त्यावर फ्लास्क ठेवायचा, द्रावण गढूळ होऊन फुली दिसेनाशी झाली की स्टॉपवॉच बंद. गरम पाण्यात ठेवलेल्या फ्लास्कखालची फुली भराभर नाहीशी व्हायची. दहा अंशांना वेग दुप्पट-तिप्पट, असं सरांनी वहीत लिहून दिलं. साखरेचं आम्लातलं इन्व्हर्जन त्याहून तापट आहे: दहा अंशांना जवळपास चौपट. म्हणजे २० अंशांवरून ४० वर गेलं की सोळा-सतरा पट.

ट्रॉलीतल्या उसात नुसतं आम्ल नसतं. उसाची स्वतःची विकरं असतात, कापलेल्या टोकातून शिरणारे जिवाणू असतात. त्यामुळे आकडे वेगळे येतात, दिशा तीच राहते. उन्हात पाणीही जातं आणि साखरही तुटते.

आजोबांच्या वेळी आमच्याकडे गुऱ्हाळ होतं. रस काढला की ताबडतोब काहिलीत. तो तसाच ठेवला तर आंबतो आणि गूळ नीट बसत नाही, हे गुळव्याला कुणी शिकवावं लागत नसे. रसात चुना घालायचे, त्याने आंबटपणा मरतो. साखर कारखानाही तेच करतो: आधी चुना, मग पाक निर्वात भांड्यात उकळायचा, म्हणजे तो कमी तापमानाला उकळतो आणि साखर वाचते. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसातली साखर मोजायला आजही पोलॅरिमीटरच्याच जातीचं यंत्र असतं. गव्हाणीत ऊस पडल्यापासून अंश न् अंश सांभाळला जातो. त्याआधीचे तास मात्र मोकळे सोडलेले असतात.

विल्हेल्मीच्या प्रयोगानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५०-५१ च्या हंगामात, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. ऊस पिकवणाराच मालक, ही कल्पना. पण उसाचे पैसे काट्यावरच्या वजनाने मिळतात, आणि एफआरपीचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. सध्या त्याचा पाया १०.२५ टक्के आहे. तुमच्या ट्रॉलीचा उतारा वेगळा निघत नाही. म्हणजे पाणी आटल्याचा तोटा ज्याचा ऊस त्याचा, आणि साखर तुटल्याचा तोटा सगळ्या सभासदांत वाटला जातो. वाटला गेल्यामुळे तो कुणालाच नेमका दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर कुणी भांडत नाही.

मी हे सगळं आबांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुझं गणित बरोबर असंल. पण पावतीवर तोडीची वेळ कुठं लिहितात?"

खरं होतं. आमच्या पावतीवर काट्याची वेळ असते, तोडीची नसते. घड्याळ सुरू कधी झालं हेच माहीत नसेल तर विल्हेल्मीलाही वेग काढता आला नसता.

गेल्या हंगामापासून आबा एका वहीत लिहितात: कोयता लागला ती वेळ, ट्रॉली भरली ती वेळ, काटा झाला ती वेळ, दुपारचा पारा. शेजारच्या दोघांनीही वह्या घातल्यात. एका हंगामात काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितलंय. मार्चमधल्या एका ओळीत त्यांनी तीन वेळांपुढे, मी न सांगता, अजून एक रकाना आखलाय: 'ट्रॉली सावलीत की उन्हात'.