घातांकात बसलेला अज्ञात

मंडळी, आज आपण व्याजाच्या एका प्रश्नापासून सुरुवात करू. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मातीची एक बॅबिलोनियन पाटी आहे, साडेतीन हजार वर्षांहून जुनी. तिच्यावर प्रश्न आहे: दरसाल शेकडा 20 चक्रवाढ व्याजाने मुद्दल दुप्पट व्हायला किती काळ लागेल? म्हणजे 1.2 चा कितवा घात 2 होतो?

इथे अज्ञात वर, घातांकात जाऊन बसलाय. गुणाकार-भागाकार करा, मुळं काढा, तो काही खाली येत नाही. मग त्या लेखनिकाने काय केलं? तीन वर्षांनी 1.728 पट होतात, चार वर्षांनी 2.0736 पट. मधली वाढ सारखी होते असं धरून त्याने उत्तर काढलं, 3.787 वर्षं. खरं उत्तर 3.802. फरक पाचेक दिवसांचा! सावकाराचं काम भागलं. पण हा अंदाज झाला, पद्धत नव्हे.

पद्धत आली ती भलत्याच वाटेने. 1614 मध्ये स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने लॉगॅरिदमची कोष्टकं छापली, ती खगोलवाल्यांचे किचकट गुणाकार बेरजेवर आणायला. गंमत अशी, की घातांक लिहायची आजची रीत तेव्हा नव्हतीच. ती रूढ झाली देकार्तच्या 1637 च्या पुस्तकानंतर. नेपियरच्या डोळ्यांपुढे होते दोन चालते बिंदू: एक सारख्या वेगाने जाणारा, दुसरा उरलेल्या अंतराच्या प्रमाणात मंदावणारा. पुढे लंडनचा हेन्री ब्रिग्ज त्याला भेटायला एडिंबरोला गेला, दोघांच्या विचाराने 10 हा पाया ठरला. आपण शाळेत चाळलेली लॉग टेबलं ही त्यांचीच नातवंडं.

आधी संकल्पना, मग साधन, असा क्रम आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक गृहीत धरतो. इथे उलटं झालं. लॉगॅरिदम म्हणजे घातांकच, हे पायाशी ठेवून सगळी मांडणी केली ऑयलरने, 1748 मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला!

त्याच ग्रंथात एक कर्ज आहे. 4,00,000 फ्लोरिन, व्याज 5 टक्के, दरसाल फेड 25,000. पहिल्या वर्षी व्याजच 20,000, म्हणजे मुद्दलातले फक्त 5,000 फिटले. कधी सुटायचं? मांडणी केली की उरतं एवढंच: 1.05 चा कितवा घात 5? दोन्ही बाजूंचा लॉग घ्या, घातांक मुकाट्याने खाली उतरून गुणक होतो. 0.69897 ला 0.02119 ने भागा. 33 वर्षं, किंचित कमीच. तेहतिसावा हप्ता पुरा भरला तर सुमारे 319 फ्लोरिन जास्तीचे जातात. ते सावकाराकडून परत मागून घ्यायचे.