घालणे

मराठीतील सकर्मक क्रियापद. भूतकाळी रूपे : घातला, घातली, घातले. ठेवणे, ओतणे, अंगावर चढवणे, मांडणे, सादर करणे असे त्याचे कितीतरी अर्थ आहेत आणि कोणता अर्थ घ्यायचा हे सोबतचे कर्म ठरवते. मांडव घालतात, लोणचे घालतात, वाद घालतात, समजूतही घालतात. इंग्रजीतील ‘पुट’ याच्या जवळचे. पण ‘पुट’चा अर्थ बऱ्याचदा मागून येणाऱ्या अव्ययाने फिरतो, मराठीत ते काम नाम करते.

धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातील तुळजापुरी, या क्रियापदाची श्रीमंती सहज कानावर पडते. भाविक गोमुख तीर्थावर स्नान करतो. तुळजाभवानीला मात्र स्नान घातले जाते. स्वतःसाठी ‘करणे’, दुसऱ्यासाठी ‘घालणे’ हा भेद फार मोलाचा आहे. बाळाला आंघोळ घालणे, भुकेल्याला जेवू घालणे यांतही तोच आहे. नवस फेडणारा दंडवत घालतो, लोटांगण घालतो, प्रदक्षिणा घालतो. देवीचे उपासक, म्हणजे आराधी, गळ्यात कवड्यांची माळ घालतात. देवीची सगळीच कामे मात्र या एका क्रियापदावर चालत नाहीत : ओटी भरतात, जोगवा मागतात, नैवेद्य दाखवतात.

तुळजाभवानी ज्यांची कुलदेवता, त्यांच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालतात. हा विधी करणाऱ्या गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन प्रमुख भेद. कदमराई तुळजापूरच्या भवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. चौक मांडून, दिवटी पेटवून, संबळ, तुणतुणे आणि झांजेच्या साथीने देवदेवतांना आवाहन करतात आणि रात्रभर आख्यान रंगते. गोंधळी गोंधळ घालतो आणि यजमानही ‘आम्ही गोंधळ घातला’ असेच सांगतो. करणारा आणि करवणारा दोघांनाही क्रियापद एकच. गलका करणाऱ्या मुलांना ‘गोंधळ घालू नका’ म्हणतात तो अर्थ आज जास्त ऐकू येतो, आणि मूळ विधी न पाहिलेल्या पिढीला तेवढाच ठाऊक असतो, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी सरसकट बसत नाहीत. सदरा घालतात, पण लुगडे नेसतात आणि फेटा बांधतात. अंगणातल्या तुळशीला पाणी घालतात, ज्वारीला पाणी देतात.

‘टाकणे’ हा सर्वांत जवळचा आणि सर्वांत घोटाळ्याचा पर्याय. ‘भाजीत मीठ टाक’ आता सर्रास चालते. तरीही ‘टाकणे’मध्ये फेकण्याची, सोडून देण्याची छटा उरतेच, आणि ‘घालणे’मध्ये जपून, हेतूने ठेवण्याची. स्वयंपाकघरात तरी ‘घालणे’ टिकावे. हार देवाच्या गळ्यात घालतात. निर्माल्य झाला की मगच तो काढून टाकतात.